गच्चीवरच्या शेडचा वाद बसून मिटवताय? या चुका टाळा

मे महिन्यात जळगावात वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला स्लॅब काय असतो ते विचारा. पारा 45 ला टेकतो आणि रात्री दहालाही भिंतीला हात लावला की चटका बसतो. मग कोणी गच्चीवर पत्र्याचं शेड टाकतं, कोणी बाल्कनीला स्लायडिंग बसवून ती खोलीत घेतं. लगेच खालून हाक येते, "अप्पा, हे नकाशात होतं का?"

आमच्या 12 फ्लॅटच्या इमारतीत नेमकं हेच झालं. मी तेव्हा सचिव होतो. चार बैठका झाल्या, 100 च्या स्टॅम्प पेपरवर करार झाला (आता 500 चा लागतो), आणि तरीही भांडण पुढे आठ महिने चाललं. चुका बऱ्याचशा माझ्याच होत्या.

सगळ्यात मोठी चूक अशी की जे आमच्या हातात नव्हतं, त्यावरच आम्ही तडजोड केली. खालच्या मजल्यावरच्या काकांनी "असू द्या शेड" म्हटलं म्हणून शेड अधिकृत होत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 खाली परवानगी देते ती महापालिका. सोसायटीचा ठराव, बारा जणांच्या सह्या, नोटरीचा शिक्का, यातलं काहीही त्या परवानगीच्या जागी चालत नाही. शेजाऱ्यांना आपसात मिटवता येतात त्या गोष्टी वेगळ्या: पत्र्याचं पावसाचं पाणी कोणाच्या खिडकीवर पडतं, गळती कोण दुरुस्त करणार, गच्चीची किल्ली कोणाकडे राहील, कुरडया-पापड वाळवायला जागा उरते का. पहिल्याच बैठकीत या दोन याद्या वेगळ्या करा. आणि करारात एक वाक्य न विसरता घाला: "महापालिकेची मंजुरी मिळाली तरच बांधकाम राहील, न मिळाल्यास अमुक तारखेपर्यंत शेडमालक स्वखर्चाने काढतील." आमच्या करारात हे वाक्य नव्हतं. पुढे काढायचा खर्च कोणाचा यावरून सगळं पुन्हा पेटलं.

दुसरी चूक नोटिशीची. "समेट चालू आहे, साहेब थांबतील," असं आमच्यातल्या एका जाणत्यांनी सांगितलं आणि आम्ही मान डोलावली. साहेब थांबत नसतात. याच अधिनियमाच्या कलम 53 ची, म्हणजे विनापरवाना बांधकाम काढा अशी नोटीस आली की तिच्यात मुदत लिहिलेली असते आणि तुमच्या बैठका चालू आहेत म्हणून ती वाढत नाही. बांधकाम ठेवायचं असेल तर त्या मुदतीतच कलम 44 खाली परवानगीचा अर्ज करायचा. अर्जाचा निकाल लागेपर्यंत निव्वळ त्या नोटिशीवर बांधकाम पाडलं जात नाही. म्हणजे अर्ज आणि समेट दोन्ही एकाच वेळी चालवायचे. आम्ही आधी समेट, मग अर्ज असा क्रम लावला आणि मुदत हातची गेली.

मंजूर नकाशाशिवाय बसू नका. बिल्डरचं रंगीत माहितीपत्रक म्हणजे नकाशा नव्हे. महापालिकेचा शिक्का असलेली प्रत काढा, सोसायटीच्या कपाटात नसेल तर माहिती अधिकारात मागा. नुसत्या नकाशानेच अर्धे वाद निवतात. स्टिल्ट पार्किंगमध्ये (इमारतीखाली खांबांमधल्या मोकळ्या जागेत) भिंत घालून गाळा काढलेला असेल, तर तिथे 'बिल्डरने मला विकलंय' हे चालत नाही; स्टिल्ट पार्किंग फ्लॅटसारखं वेगळं विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितलं आहे. बाल्कनीचं गणित जरा किचकट. राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीत बाल्कनीही चटईक्षेत्रात (प्लॉटवर बांधायला मिळणाऱ्या एकूण क्षेत्रात) धरतात, जुन्या नियमांत ठरावीक मर्यादेपर्यंत तिला सूट होती. त्यामुळे तुमची इमारत कोणत्या नियमांवर मंजूर झाली, ते आर्किटेक्टला विचारल्याशिवाय 'सगळेच बंद करतात' असं म्हणू नका. आणि बीमला कोणी छिन्नी लावली असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, मग बैठक.

आता तो शब्द, ज्याने आमचे आठ महिने खाल्ले: 'थोडं'. करारात लिहिलं होतं, "शेड पूर्वेकडून थोडं मागे घ्यावं." शेडवाल्यांच्या मनात दोन फूट. काकांच्या मनात पार पाण्याच्या टाकीपर्यंत. दोघंही प्रामाणिक होते, हीच खरी पंचाईत. दुसऱ्यांदा बसलो तेव्हा पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्याच नाहीत. सगळे गच्चीवर गेलो, टेप धरला, खडूने रेघ मारली, फोटो काढला आणि रेघेपासून कठड्यापर्यंतचं माप नकाशावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. पंधरा मिनिटं लागली.

मध्यस्थ निवडताना आमच्याकडे वडीलधाऱ्याला बसवायची रीत आहे. "आपलाआपलामा कोर्ट कशाले?" हे म्हणणं मला पटतंही. पण त्या वडीलधाऱ्यांचा फ्लॅट शेडच्या बरोबर खाली असेल तर नको. रीतसर हवं असेल तर लवाद व सलोखा अधिनियम, 1996 चा रस्ता आहे. समोरच्याला लेखी निमंत्रण द्यायचं, 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर नकार समजता येतो. दोन्ही पक्षांच्या सह्यांचा आणि मध्यस्थाने साक्षांकित केलेला करार लवादाच्या निवाड्याइतकाच बंधनकारक असतो. तिथलं बोलणं गोपनीय असतं. आमच्या एका सभासदाने बैठकीचं रेकॉर्डिंग व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं आणि पुढची बैठक तीन आठवडे लांबली.

वाद बिल्डरशी असेल आणि प्रकल्प महारेरात (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात) नोंदलेला असेल, तर महारेराचा सलोखा मंच 2018 पासून आहे. खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखलपूर्व, म्हणजे कोर्टात दावा लावण्याआधीचा, अर्ज करून लोकअदालतीत बसा. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही, म्हणून सहीआधी दोनदा वाचा.

आमचं शेड? मंजुरी मिळाली नाही. काढायची मजुरी शेवटी निम्मी-निम्मी झाली. पत्रे शेडवाल्यांनी ट्रॅक्टरवर टाकून भडगावकडच्या शेतात नेले, आता ते गोठ्यावर आहेत. गच्चीला त्यांनी पांढरा उष्णतारोधक रंग मारून घेतला, आणि रंगवायला पहिला डबा काकांनी आणून दिला.