सोसायटीला नाहीतर कंपनीला गार्ड ठेवताय? मग आधी हे बघून घ्या

नाशिकचा पाथर्डी फाटा घ्या, गंगापूर रोड घ्या, नवीन बिल्डिंगची पहिली मीटिंग झाली की प्रश्न ठरलेला, गार्ड कितीला पडेल? मी अंबड-सातपूरच्या कारखान्यांच्या पट्ट्यात गार्डचे पॉइंट (गार्ड उभे राहतात त्या जागा) सांभाळतो म्हणून सांगतो, जी एजन्सी सगळ्यात कमी कोटेशन देते ती ते पैसे पोराच्या पगारातनं नाहीतर ट्रेनिंगमधनंच काढते, आणि मग अर्धपोटी, झोप न झालेला, काहीच न शिकवलेला माणूस तुमच्या गेटवर उभा राहतो.

तर आधी एजन्सीचं पसारा (PSARA) लायसन मागा, म्हणजे खासगी सुरक्षा एजन्सी चालवायचा परवाना. 2005 च्या कायद्याने ते लागतंच, विनालायसन धंदा केला तर 1 वर्षापर्यंत कैद किंवा 25 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसती झेरॉक्स बघून ठेवून देऊ नका, लायसन कोणाच्या नावावर आहे आणि मुदत कधी संपते ते वाचा. मग गार्डचं पोलीस व्हेरिफिकेशन, फोटोचं ओळखपत्र आणि ट्रेनिंगचं सर्टिफिकेट. नियमाने नवीन पोराला 100 तास वर्गात आणि 60 तास फिल्डवर शिकवायचं असतं, प्रत्यक्षात किती ठिकाणी दुपारी टोपी-शिट्टी देतात आणि रात्री ड्युटीला लावतात. पोरालाच विचारा, आग लागली तर मेन स्विच कुठंय, आधी कोणाला फोन करणार? उत्तरावरनं लगेच कळतं.

आता खरी गोष्ट, डबल ड्युटी. रिलीव्हर, म्हणजे ड्युटी बदलायला येणारा पुढचा गार्ड, आला नाही की दिवसभर उभा असलेला माणूसच रात्री परत बसवतात, पहाटे 3 ला त्याचा डोळा लागणारच, त्यात त्याला शिव्या देऊन काय होणार? चोराला हे बरोबर माहीत असतं, दोन-तीन दिवस टेहळणी केली की झालं. म्हणून अॅग्रीमेंटमध्येच लिहून घ्या की रिलीव्हर एजन्सीने द्यायचा, सलग डबल ड्युटी चालणार नाही. केबिनला लाईट, पंखा, जवळ बाथरूम, फोन चार्जिंग एवढं तरी द्याच. आणि गार्डला गाड्या धुवायला, किराणा आणायला पाठवू नका, तो तिकडे गेला की गेट उघडं.

राऊंडचं रजिस्टर महिन्यातून एकदा नीट बघा. 11, 12, 1, 2, सगळ्या एन्ट्र्या एकाच पेनाने, एकाच ओघात, अक्षर जराही हललेलं नाही, असं दिसलं तर ते रजिस्टर संध्याकाळीच भरून ठेवलेलं असतं. खरा राऊंड मारणारा माणूस मध्येच काहीतरी लिहितो, मागची लाईट बंद, बी विंगचा नळ चालू, असं.

एमआयडीसीत भंगाराचा टेम्पो ही सगळ्यात जुनी वाट. वर पत्र्याचा चुरा, खाली तांब्याची वायर. रिकामा टेम्पो आणि भरलेला टेम्पो दोन्हीचं वजन काट्यावर घ्या, गेटपासवर सही स्टोअरवाल्याची, चेक करणारा गार्ड वेगळा, आणि टेम्पो भरताना स्वतःचा माणूस उभा ठेवा. झडती घ्यायची तर बायकांच्या बॅगा बाई गार्डनेच बघायच्या, हे पक्कं.

सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा, गार्डच्या केबिनमध्ये ठेवू नका, चोर जाताना तोच उचलून नेतो. कुलूपबंद खोलीत ठेवा, कॅमेऱ्यातलं घड्याळ बरोबर आहे का तेही बघा, नाहीतर पोलिसांना फुटेज दिलं तरी वेळेचा घोळ होतो.

गार्डला एक गोष्ट सगळ्यांनी मिळून समजावा, चोरामागे एकट्याने पळायचं नाही. शिट्टी, सायरन, सगळे लाईट, 112 ला फोन, गाडीचा नंबर आणि कोणत्या दिशेला गेला ते लक्षात ठेवायचं, बस. त्याचा जीव तुमच्या वायरीपेक्षा मोठा आहे. डोळ्यादेखत चोरी करणारा हातात सापडलाच तर बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 40 प्रमाणे 6 तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचा, बांधून मारहाण केली तर गुन्हा आपल्यावरच पडतो. चोरी झाली असेल तर कडी-कुलपाला हात लावायचा नाही, ठसे जातात.

नदीकाठी, उसाच्या बाजूला पॉइंट असेल तर बिबट्याचंही बघा, आपल्या नाशकात हे काय नवीन नाही. मोठा टॉर्च द्या, रात्रीचा राऊंड दोघांनी मिळून मारायचा, दिसला तर आत जाऊन दार लावायचं आणि वनविभागाच्या 1926 ला फोन.

महिन्याच्या बिलासोबत पीएफ आणि ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) चलान आणि त्यासोबतची नावांची यादी मागा आणि त्यात तुमच्या गेटवरच्या पोराचं नाव आहे का ते शोधा. नसेल तर बिल थांबवा. उद्या त्याला मार लागला तर दवाखान्याचा खर्च कोण करणार?

आणि 2027 चा सिंहस्थ कुंभमेळा धरून चाला. गर्दीत गार्डची मागणी वाढणार, एजन्सी तुमची शिकलेली पोरं उचलून दुसरीकडे लावणार आणि तुमच्याकडे कोणीही पाठवणार, त्यामुळे सांगितल्याशिवाय गार्ड बदलायचा नाही आणि बदलला तर व्हेरिफिकेशनचे कागद त्याच दिवशी द्यायचे, ही अट अॅग्रीमेंट रिन्यू करतानाच टाकून घ्या.