लॅपटॉपखाली डबे लावून मान बरी होत नाही: या चुका टाळा

जळगावात माझा फिजिओथेरपीचा छोटा दवाखाना आहे. 2020 च्या मार्चपर्यंत मान धरून येणारे म्हणजे शिवणकाम करणाऱ्या बायका, ट्रकवाले आणि हमाल. मग पुण्याच्या कंपन्यांतली पोरं गावी परतली. त्यातली बरीच आजही इथूनच काम करतात. पगार पुण्याचा, जेवण आईच्या हातचं आणि बसायला जे सापडेल ते. पलंग, बंगई, धान्याची कोठी, सगळ्यांवर लॅपटॉप ठेवलेला मी ऐकलाय.

अमळनेरचा एक मुलगा आईला घेऊन आला. म्हणजे आईच त्याला घेऊन आली. मी विचारायच्या आत तिनेच सांगितलं, "रातदिन त्या डबडामा डोकं घाली बठस, मान नही दुखी ते काय व्हई?" निदान तिथेच झालं होतं. लॅपटॉप आजीच्या शिलाई मशीनवर, पाय खालच्या पायट्यात अडकलेले आणि नजर सरळ खाली. डोक्याचं वजन साधारण 5 किलो. 2014 साली केनेथ हंसराज या अमेरिकी सर्जनने गणित मांडलं, की मान 60 अंश झुकली तर मणक्यावर 27 किलोच्या आसपास भार येतो. हे कागदावरचं गणित आहे, कोणाच्या मानेत काटा घालून तोललेलं नाही. पण केळी पिकवणाऱ्या रावेर-यावलच्या पेशंटला मी "मानेवर केळीचा घड घेऊन बसलायस" एवढंच सांगते आणि त्याला कळतं. घड दोन मिनिटं पेलणं वेगळं, आठ तास धरून ठेवणं वेगळं.

तर त्याला मी सांगितलं, स्क्रीन वर घे, वरची कड डोळ्यांच्या रेषेत आण. पंधरा दिवसांनी स्वारी परत. मान जरा मोकळी, पण दोन्ही खांदे कानाला टेकलेले आणि पाठीच्या वरच्या भागात आग. "ताई, तुम्ही सांगितलं तेच केलं." त्याने फोटो दाखवला. दोन स्टीलचे डबे, त्यांवर लॅपटॉप आणि त्याच लॅपटॉपवर हात उचलून टायपिंग! चूक अर्धी माझीही होती, कारण मी अर्धीच गोष्ट सांगितली. लॅपटॉपची रचनाच अशी, की स्क्रीन आणि कीबोर्ड एकत्र जोडलेले. स्क्रीन नीट ठेवली की हात लटकतात, हात नीट ठेवले की मान झुकते. वेगळा कीबोर्ड आणि माऊस घेतल्याशिवाय यातून सुटका नाही. हजाराच्या आत दोन्ही येतात. यावर तो म्हणाला, "एवढ्यासाठी कशाला खर्च?" हातात फोन वीस हजारांचा. बामच्या बाटल्या, पट्टे, मसाज करायचं मशीन, असं सगळं आधी घेऊन झालं होतं. कीबोर्ड तेवढा महाग!

तो घेतल्यावर बाकीचं सोपं. कोपर टेबलाच्या उंचीला, स्क्रीन हातभर लांब. प्लास्टिकच्या खुर्चीत कमरेमागे घडी केलेली गोधडी. खुर्ची उंच पडून पाय लोंबकळत असतील तर खाली पाट. पाट प्रत्येक घरात असतो, श्रावण सरला की माळ्यावर जातो. काढा खाली.

आता माझी दुसरी चीड. सलूनमधला 'कट्'.

दाढी झाली, डोक्याची चंपी झाली, की कारागीर एक हात हनुवटीला आणि एक डोक्यामागे लावतो आणि फिरवतो. आवाज आला की गिऱ्हाईक खूश. तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा झाल्याचा. 'सरकलेली नस' बसल्याचा नाही. थोडा वेळ हलकं वाटतं, म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन रोहिण्या मानेच्या मणक्यांच्या भोकांतून वर जातात. जोरात पिळल्यावर त्यांचं अस्तर फाटू शकतं. क्वचित होतं, पण होतं. माझ्याच एका पेशंटला खुर्चीतून उठताना भोवळ आली, उलट्या सुरू झाल्या, जीभ जड पडली. लोकांनी 'ऊन लागलं' म्हणून कांदा हुंगवला. त्यात दोन तास गेले. नंतर मोठ्या दवाखान्यात एमआरआय झाला तेव्हा रोहिणी फाटल्याचं कळलं. कित्येक महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या चालल्या. आज तो चालतोय, मोटारसायकल चालवतोय. हनुवटीला मात्र कोणाला हात लावू देत नाही. कारागिराचा मला राग नाही, त्याला कोणी शिकवलेलं नसतं. राग येतो तो दोन मिनिटांत बरं व्हायची घाई असलेल्यांचा. मी दहा दिवसांचा व्यायाम दिला की यांचं तोंड वाकडं.

व्यायाम तरी काय? ताठ बसून हनुवटी सरळ मागे न्यायची, वर-खाली नाही. पाच सेकंद धरायची आणि सोडायची. दहा वेळा, दिवसातून तीनदा. मग खांद्यांची पाती मागे एकमेकींजवळ आणायची, तेही तसंच. गळ्याखाली दुहेरी हनुवटी दिसते म्हणून मुली टाळतात. कॅमेरा बंद करून करा. मान गोल गोल गरागरा फिरवणं बंद.

कूलर. मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, तेव्हा कूलर लागणारच. वाऱ्याने मान धरली असं सगळेच म्हणतात. मी घरी जाऊन बघते तर कूलर एका भिंतीला, प्लग दुसरीकडे आणि माणूस वाऱ्याकडे खुर्ची वळवून स्क्रीनकडे मान पिळून बसलेला. टेबल फिरवा. उघड्या दाराकडे पाठ असेल तर स्क्रीनवर उजेड चमकतो आणि हनुवटी पुढे जाते, तेही बघा.

चाळिशीचा चष्मा दोन काचांचा असेल तर खालच्या काचेतून वाचायला हनुवटी वर जाते. अशांनी स्क्रीन उलट थोडी खाली घ्यावी किंवा फक्त कॉम्प्युटरसाठी वेगळा नंबर काढावा.

फोन कान-खांद्यात दाबून बोलू नका. इयरफोन असतो कशाला?

मानेला आधार देणारा गळपट्टा (कॉलर) आठवडेच्या आठवडे लावू नका, स्नायू आळशी होतात.

उशी. कापसाच्या मुलखात राहून आपल्या उशा दगडासारख्या. कुशीवर झोपल्यावर खांदा आणि कान यांतली जागा भरेल एवढीच उशी हवी. दोन उशा घेणाऱ्याने एक पिंजाऱ्याकडे न्यावी, दुसरी पाहुण्यांना द्यावी.

स्वतः मी कामाच्या टेबलावर बाटली ठेवत नाही, छोटं फुलपात्र ठेवते. माठ स्वयंपाकघरात. अर्ध्या तासाने तहान लागली की उठावंच लागतं. मोबाईलचा गजर लोक बंद करतात, तहान बंद करता येत नाही. आखडलेल्या मानेला रेतीच्या पुरचुंडीने पंधरा मिनिटं शेक, बस. मेडिकलमधून परस्पर दुखण्याच्या गोळ्या आणून महिनाभर खाऊ नका, उन्हाळ्यात तर नाहीच. पाणी कमी पडलेल्या शरीरात त्या किडनीवर उठतात.

एमआरआयमध्ये 'चकती (दोन मणक्यांमधली गादी) फुगली' वाचून रडत येणारेही असतात. 2015 मध्ये जपानी डॉक्टरांनी मान न दुखणाऱ्या 1211 जणांचे एमआरआय काढले, तर 87.6 टक्के लोकांत चकती फुगलेलीच होती. कागद बाजूला ठेवा, लक्षणं सांगा.

लक्षणांत मात्र हयगय नको. हाताला मुंग्या येऊन ताकद कमी होणं, शर्टाचं बटण लावता न येणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, ताप येऊन मान ताठ होणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टर. मानेसोबत छातीत दडपण, घाम आणि डाव्या हातात कळ असेल तर माझ्या दवाखान्याच्या पायऱ्या चढूच नका, सरळ मोठं हॉस्पिटल गाठा.