मोबाइल नंबर पोर्ट करताना: आधीची तयारी आणि नंतरची निगा

कंपनी बदलली तरी मोबाइल नंबर तोच ठेवण्याची, म्हणजे नंबर पोर्ट करण्याची सोय भारतात प्रथम २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून ती देशभर लागू झाली. सुरुवातीला नंबर फक्त आपल्याच सर्कलमधल्या, म्हणजे दूरसंचार सेवेसाठी आखलेल्या विभागातल्या, दुसऱ्या कंपनीकडे नेता येत असे. पुण्याहून बंगळूरला बदलून गेलेल्या माणसाला जुना नंबर तिथल्या सर्कलमध्ये नेण्याची मुभा ३ जुलै २०१५ पासून मिळाली. पुढे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, डिसेंबर २०१९ मध्ये नियम बदलले आणि पोर्टिंगसाठी लागणारा कोड देण्यापूर्वीच ग्राहकाची पात्रता तपासली जाऊ लागली. त्याआधी कोड सहज मिळे आणि नकार मात्र अर्ज केल्यावर येई. आता खुद्द प्रक्रियेत फारसे काही उरलेले नाही: एक एसएमएस पाठवायचा, ओळखीचा पुरावा घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचे आणि ठरल्या दिवशी सिम बदलायचे. माणसे अडकतात ती बहुधा या तीन पायऱ्यांच्या आधी किंवा नंतर, म्हणून येथे त्याच भागांविषयी अधिक लिहिले आहे.

सर्वांत आधी नव्या कंपनीची रेंज आपल्या घरात, कामाच्या जागी आणि रोजच्या वाटेवर कशी आहे, ते पाहावे. कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळांवर कव्हरेजचे नकाशे दिलेले आहेत आणि ते जरूर पाहावेत. परंतु डोंगराच्या आड वसलेल्या कोकणातल्या वाडीत किंवा शहरातल्या इमारतीच्या तळमजल्यावर फोन लागेल की नाही, हे नकाशा सांगू शकत नाही. त्या कंपनीचे सिम असलेल्या एखाद्या नातेवाइकाला किंवा शेजाऱ्याला घरी बोलवावे आणि माजघरात, स्वयंपाकघरात, गच्चीवर उभे राहून फोन लावून पाहावा. हा उपाय साधा असला, तरी दुकानदाराच्या आश्वासनापेक्षा अधिक भरवशाचा आहे. दुसरी गोष्ट हँडसेटची. जिओचे जाळे ४जी आणि त्यापुढचेच असल्यामुळे केवळ २जीवर चालणारा जुना कीपॅडचा फोन त्यावर चालत नाही. घरातल्या आजी-आजोबांचा नंबर पोर्ट करायचा असेल, तर त्यांच्या हातात कोणता फोन आहे, हे आधी पाहिले पाहिजे. तसेच त्यांचे सगळे संपर्क जुन्या सिमवरच साठवलेले असतील, तर ते फोनमध्ये उतरवून घ्यावेत, कारण बंद झालेल्या सिमबरोबर तेही बाजूला पडतात.

यानंतर पात्रता. सध्याच्या कंपनीच्या जाळ्यावर नंबर सुरू होऊन किमान ९० दिवस झालेले असले पाहिजेत. आधी एकदा पोर्ट केलेला नंबर असेल, तर हे दिवस त्या पोर्टिंगपासून मोजले जातात. पोस्टपेड ग्राहकाने नेहमीच्या बिलचक्रानुसार निघालेले आणि मुदत उलटलेले बिल भरलेले असावे. नंबराची मालकी बदलण्याचा अर्ज प्रलंबित नसावा आणि नंबराविषयी न्यायालयात वाद चालू नसावा. १ जुलै २०२४ पासून यात आणखी एक अट आली: सिम हरवले किंवा बिघडले म्हणून नवे घेतले असेल, तर त्यानंतरचे ७ दिवस कोड मिळत नाही. दुसऱ्याच्या नंबरचे सिम लबाडीने काढून लगोलग तो नंबर दुसरीकडे पोर्ट करण्याचे प्रकार घडत असल्यामुळे ही अट घालण्यात आली. तेव्हा सिम खराब झाले म्हणून आज बदलून घ्यावे आणि उद्या पोर्टिंगला लागावे, हा बेत आता चालत नाही.

नंबर कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न मात्र सगळ्यांत जास्त त्रास देतो. आपल्याकडे कितीतरी घरांत मुलीचा नंबर वडिलांच्या, सुनेचा सासऱ्यांच्या किंवा दोघा भावांचे नंबर एकाच्याच आधार कार्डावर घेतलेले असतात आणि वर्षानुवर्षे त्याची आठवणही राहत नाही. नवी कंपनी ओळखपडताळणी करते ती समोर उभ्या असलेल्या माणसाची. त्यामुळे ज्याच्या नावावर नंबर आहे, त्यानेच जाणे हा सरळ मार्ग. ते शक्य नसेल, किंवा ती व्यक्ती हयात नसेल, तर आधी सध्याच्या कंपनीकडे मालकी बदलून घ्यावी आणि तो अर्ज पूर्णपणे निकाली निघाल्यावरच पोर्टिंगकडे वळावे. दोन्ही कामे एकदम काढल्यास पहिले चालू असेपर्यंत दुसरे अडते. आपल्या नावावर नेमके कोणते नंबर चालू आहेत, हे सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर पाहता येते, आणि पोर्टिंगचा विचार नसला तरी ते एकदा पाहून ठेवावे. नंबर कार्यालयाने दिलेला असेल, तर कंपनीचे अधिकृत संमतिपत्र लागते. नोकरी सोडताना नंबर स्वतःकडे ठेवायचा असल्यास त्याची बोलणी शेवटच्या दिवसापूर्वीच उरकावीत.

एवढी तयारी झाली की मगच कोड मागवावा. जो नंबर पोर्ट करायचा आहे, त्याच नंबरवरून १९०० या क्रमांकावर एसएमएस पाठवायचा असतो. त्यात इंग्रजी अक्षरांत पोर्ट हा शब्द, म्हणजे पी, ओ, आर, टी ही चार अक्षरे, मग एक जागा मोकळी सोडून आपला दहा अंकी नंबर, एवढेच लिहायचे. प्लॅनमध्ये एसएमएस नसले तरी हा संदेश जाऊ दिला पाहिजे, असा आदेश ट्रायने डिसेंबर २०२१ मध्ये सर्व कंपन्यांना दिलेला आहे. त्यामुळे केवळ पोर्टिंगचा संदेश जावा म्हणून मोठा रिचार्ज करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. ग्राहक पात्र असल्यास उत्तरादाखल आठ अक्षरांकांचा एक कोड येतो. त्यालाच युनिक पोर्टिंग कोड किंवा नुसते यूपीसी म्हणतात. पात्र नसल्यास कोडाऐवजी कारण कळवले जाते. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडील सर्कल वगळता या कोडाची मुदत चार दिवसांची असते. म्हणूनच आधी कोड मागवून मग कंपन्यांच्या प्लॅनची तुलना करत बसणे हा उलटा क्रम होय. मुदत संपली तर नवा कोड मागवता येतो, पण दुकानातली फेरी वाया जाते.

हा कोड ओटीपीइतकाच जपावा. ग्राहक सेवेतून बोलतो आहोत, असे सांगून कोणी फोनवर तो विचारला, तर देऊ नये. कोड हाती आलेला माणूस खोट्या कागदपत्रांच्या आधारे तुमचा नंबर स्वतःच्या सिमवर नेण्याचा प्रयत्न करू शकतो, आणि नंबराबरोबर बँकेचे ओटीपीही त्याच्याकडे जातील. आपण मागवलेला नसताना असा कोड आला, तर त्याच वेळी कंपनीला कळवावे.

नव्या कंपनीच्या गॅलरीत किंवा अधिकृत विक्रेत्याकडे हा कोड, आधार कार्ड आणि स्वतःची उपस्थिती एवढे पुरते. अनेक ठिकाणी माणूस घरी येऊनही हे काम करून देतो. छायाचित्र जागेवरच काढले जाते. पोर्टिंगच्या व्यवहारासाठी ट्रायने २०१९ मध्ये ६.४६ रुपये दर ठरवला आणि तो नवी कंपनी पोर्टिंगची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेला देते. ग्राहकाकडून हे पैसे घेण्याची मुभा असली तरी बहुधा कोणी घेत नाही. दुकानदाराने याहून मोठी रक्कम मागितली, तर ती पहिल्या रिचार्जची आहे की आणखी कशाची, हे विचारून पावती घ्यावी.

येथे सर्कलचा मुद्दा येतो, आणि महाराष्ट्रात तो थोडा वेगळा आहे. दूरसंचाराच्या नकाशावर मुंबई हे स्वतंत्र सर्कल असून त्यात नवी मुंबई आणि कल्याणचा परिसर येतो. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे सर्कल होते. त्यामुळे पुण्याहून पणजीला गेलेल्या ग्राहकाचे सर्कल बदलत नाही, पण दादरहून पुण्याला गेलेल्याचे बदलते. एकाच सर्कलमधले पोर्टिंग तीन कामकाजाच्या दिवसांत आणि सर्कल ओलांडून होणारे किंवा कार्यालयीन नंबराचे पाच कामकाजाच्या दिवसांत पूर्ण व्हावे, असा नियम आहे. रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या यांत धरत नाहीत, म्हणून गणपतीत किंवा दिवाळीच्या तोंडावर अर्ज केल्यास आठवडा उलटू शकतो.

अर्ज गेल्यानंतर जुन्या कंपनीकडून फोन येण्याची शक्यता असते. थांबलात तर अमुक सवलत देऊ, असे सांगितले जाते आणि क्वचित ती सवलत खरोखर चांगलीही असते. मात्र ती संदेशाने किंवा ईमेलने लिहून मागावी आणि त्यानंतरच निर्णय घ्यावा. विचार बदललाच, तर अर्ज केल्यापासून २४ तासांच्या आत इंग्रजी अक्षरांत कॅन्सल हा शब्द आणि नंबर लिहून १९०० वर एसएमएस केला की पोर्टिंग रद्द होते. तो वेळ गेल्यावर परतीचा रस्ता ९० दिवसांनंतरच खुला होतो. अर्ज केल्यापासून नंबर बदलेपर्यंत जुने सिम नेहमीप्रमाणे चालू असते, म्हणून ते काढून ठेवू नये. कोड देण्यास किंवा नंबर सोडण्यास विनाकारण नकार मिळाला, तर कंपनीच्या १९८ या तक्रार क्रमांकावर फोन करून तक्रार क्रमांक घ्यावा, आणि तेथे समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जावे. खोट्या कारणाने पोर्टिंग नाकारणाऱ्या कंपनीला प्रत्येक प्रकरणामागे दहा हजार रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद नियमांत आहे.

नंबर कोणत्या दिवशी आणि साधारण कोणत्या वेळी बदलणार, याचा संदेश आधी येतो आणि ही अदलाबदल बहुधा रात्री होते. जुन्या सिमची रेंज गेली की नवे सिम घालायचे. मधल्या काळात सेवा चार तासांपर्यंत बंद राहू शकते. घरात कोणी आजारी असेल किंवा दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी पकडायची असेल, तर दुसरा एखादा फोन हाताशी ठेवावा.

नंबर तोच राहत असल्यामुळे आधार, पॅन किंवा बँकेत काही कळवावे लागत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपही त्याच खात्यावर चालू राहते. यूपीआयचे मात्र तसे नाही. यूपीआयची अ‍ॅप फोन आणि सिम या दोहोंशी जोडलेली असतात. सिम बदलताच ती पुन्हा पडताळणी मागतात आणि त्यासाठी फोनमधून एसएमएस जावा लागतो. नव्या सिमवर रिचार्ज झालेला नसेल, तर ही पडताळणी अडते. काही बँका सिम बदलल्याचे लक्षात आल्यावर सुरुवातीला व्यवहारांवर मर्यादाही घालतात. तेव्हा घराचा हप्ता, परीक्षेचे शुल्क किंवा रुग्णालयाचे बिल ज्या दिवशी भरायचे, त्या दिवशी पोर्टिंग येऊ देऊ नये आणि दोन दिवस पुरेल इतकी रोख रक्कम जवळ ठेवावी.

पैशाचा आणखी एक हिशेब आहे. प्रीपेडवरची उरलेली शिल्लक, डेटा आणि मुदत नव्या कंपनीकडे येत नाही, त्यामुळे वर्षभराचा रिचार्ज नुकताच केला असेल तर घाई न करणेच बरे. चालू प्लॅन संपायला आठवडाभर उरला असता कोड मागवणे सर्वांत सोयीचे. पोस्टपेडवर पोर्टिंगनंतर जुन्या कंपनीचे शेवटचे बिल येते आणि ते विसरले जाण्याचा संभव फार असतो, कारण त्या कंपनीशी आपला संबंध संपला, असे मनाने धरलेले असते. ते मुदतीत भरले नाही, तर जुनी कंपनी नव्या कंपनीला सांगून नंबर बंद करवू शकते. म्हणून बँकेतला स्वयंचलित वसुलीचा आदेश हे शेवटचे बिल फिटल्यावरच रद्द करावा, आणि अनामत रक्कम भरलेली असल्यास ती परत मागावी. एकाच बिलावर कुटुंबातले तीन-चार नंबर असतील, तर मुख्य नंबर हलवल्यावर बाकीच्यांचे काय होणार, हे आधी विचारून घ्यावे.

यापुढे रिचार्ज करताना अ‍ॅपमध्ये कंपनीचे नाव तपासावे. पुष्कळदा तेथे जुनीच कंपनी आपोआप निवडलेली दिसते, आणि घाईत रक्कम तिकडे भरली गेली तर परत मिळवण्याची खटपट करावी लागते. गावी असलेल्या आई-वडिलांचा रिचार्ज दुरून करणाऱ्या मुलांना हे आवर्जून सांगून ठेवावे. पोर्ट केलेला प्रीपेड नंबर वापराविना ठेवायचा असेल, तर त्यात किमान २० रुपये शिल्लक राहू द्यावी. सलग ९० दिवस काहीच वापर झाला नाही आणि शिल्लकही नसली, तर कंपनी तो बंद करू शकते. असा बंद झालेला नंबर ज्या कंपनीच्या मालिकेतून मुळात निघाला, त्या पहिल्या कंपनीकडे परत जातो आणि पुढे तेथून दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो.