वारकऱ्याची धाव: स्पर्धेसाठी पक्ष्याचा फोटो निवडताना

मी बडोद्यात, दांडिया बाजारात राहतो. पक्ष्यांचे फोटो काढायला लागून अकरा वर्षं झाली. त्यातली पहिली चार वर्षं स्पर्धांना पाठवलेला माझा एकही फोटो पहिल्या फेरीच्या पुढे सरकला नाही. हल्ली तीन वर्षं एका छोट्या स्थानिक स्पर्धेत पहिल्या चाळणीला मलाच बसवतात. तिथे बसल्यावर जे कळलं, ते कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून नुकताच कॅमेरा घेतलेल्यांसाठी हे लिहितोय.

चाळणीच्या दिवशी शेकडो फोटो एकामागून एक पडद्यावर येतात. एकाला जेमतेम चार-पाच सेकंद मिळतात. पहिल्या तासातच कितीतरी खंड्या होऊन जातात: फांदीवर बसलेला, बाजूने घेतलेला, चोचीत मासा, मागे हिरवा धूसर पडदा. डोळा सुस्पष्ट, पिसं मोजता येतील इतकी नीट. एकाही फोटोत चूक काढता येत नाही, पण जेवणाच्या सुट्टीत आठवायला बसलं तर हा कुठला आणि तो कुठला, हे सांगता येत नाही. माझे चार वर्षांचे फोटो याच रांगेत होते, हे मला तेव्हा उमगलं.

आता वढवाण्याची गोष्ट सांगतो. डभोई तालुक्यातला हा तलाव बडोदा संस्थानाच्या काळात, १९१० साली, शेतीच्या पाण्यासाठी बांधला. २०२१ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असल्याची मान्यता, मिळाला. हिवाळ्यात तिथे पट्टकादंब नावाचे हंस येतात. हिमालय ओलांडून आलेला पक्षी म्हटल्यावर मी तिसऱ्या वर्षी सगळे फोटो त्याचेच पाठवले. फोटोत पक्षी काठावर उभा होता, मान सरळ, डोक्यावरचे दोन काळे पट्टे स्वच्छ. हिमालय माझ्या डोक्यात होता, फोटोत तो कुठेच नव्हता. परीक्षकाला चौकटीत जे आहे तेवढंच दिसतं. पक्षी दुर्मिळ असणं, त्यासाठी आपण पहाटे चारला उठणं, चिखलात दोन तास बसणं, यातलं काहीही त्याच्यापर्यंत पोचत नाही.

त्याच तलावावर वारकरी नावाचे पाणपक्षी मात्र हजारोंनी असतात. काळं अंग, कपाळावर पांढरा ठसा. कुणी त्यांच्याकडे कॅमेरा वळवत नाही, मीही वळवत नव्हतो. एका जानेवारीत पट्टकादंब लांब होते म्हणून नुसता पाहत बसलो. वर भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालू लागला की वारकऱ्यांचा विखुरलेला थवा एकदम गोळा होतो, आणि कडेचे काही पाण्यावरून धावत सुटतात. वारकऱ्याला जागच्या जागी उडता येत नाही. पंख मारत, पाण्यावर पाय आपटत लांबवर धावावं लागतं. हे मी चार-पाच वेळा नुसतं पाहिलं, एकही फोटो न काढता. मग ते कुठल्या बाजूला धावतात याचा अंदाज आला.

पुढच्या रविवारी सूर्य उगवायच्या आधी, साडेसहाला काठावर पालथा पडलो. कॅमेरा पाण्यापासून वीतभर उंचीवर. नेहमी ऊन पाठीशी घ्यावं असं शिकवतात आणि नवख्याने तसंच सुरू करावं. त्या दिवशी मी मुद्दाम ऊन समोर घेतलं, कारण मला उडणारं पाणी उजळलेलं हवं होतं. शटर १/२००० सेकंदाला. काळा पक्षी चौकटीत मोठा दिसला की कॅमेरा आपणहून फोटो उजळ करतो आणि कपाळाचा पांढरा ठसा जळून नुसता पांढराफटक होतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, थोडं उतरवून ठेवलं. तीन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी एक वारकरी थेट माझ्या दिशेने धावत आला. एक पाय हवेत, बोटांना दोन्ही बाजूंनी असलेल्या पाकळ्या पसरलेल्या, आणि मागे पाण्यावर प्रत्येक पावलाचा एकेक फवारा अजून खाली न पडलेला. माझा अंतिम फेरीत गेलेला पहिला फोटो तो.

या फोटोत काय होतं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. पक्षी काहीतरी करत होता आणि ते वारकऱ्याच्या स्वभावातलं होतं. उजेड त्या घटनेला मदत करत होता. आणि नजर डोळ्यापासून निघून पावलांच्या ओळीवरून मागे जात होती, म्हणजे पाहणाऱ्याला चौकटीत फिरायला जागा होती. माझ्या मते यात पहिली गोष्ट सगळ्यात मोठी. उजेड आणि मांडणी शिकता येते. पक्षी पुढच्या क्षणी काय करेल हे कळायला मात्र एकाच जातीपाशी अनेक सकाळी घालवाव्या लागतात. नवी लेन्स घेण्याआधी एक हिवाळा टिबुकली किंवा शेकाट्या अशा एखाद्या साध्या पाणपक्ष्याला द्या. तिंबी तलाव शहरापासून जवळ आहे, तिथेही हे जमतं.

मांडणीचं मला माझ्या आत्याने शिकवलं. ती शाळेत चित्रकला शिकवायची. माझा फोटो हातात घेतला की ती अंगठ्याने पक्षी झाकायची आणि म्हणायची, "आता सांग रे, उरलेल्यात काय बघू?" बहुतेक वेळा बघण्यासारखं काहीच नसायचं. तेव्हापासून मी आधी मागची जागा शोधतो आणि पक्षी तिथे यायची वाट पाहतो. तिनेच मला फत्तेसिंग संग्रहालयात नेऊन रविवर्म्याच्या चित्रांसमोर उभं केलं आणि प्रत्येक चेहऱ्यावर उजेड कुठून पडलाय ते विचारलं. बडोद्यात राहत असाल तर एक दुपार तिथे घालवाच.

नियम मात्र नीट वाचा, कारण चांगले फोटो इथेच बाद होतात. निसर्ग विभागात बहुतेक ठिकाणी कडेचं कापलेलं चालतं, पण मधली काडी पुसलेली चालत नाही. अंतिम फेरीत मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली काहीही बदल न केलेली फाइल, मागतात, ती नसेल तर बोलणंच संपलं. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत २००९ चा पहिला क्रमांक मिळालेला लांडग्याचा फोटो पुढच्या जानेवारीत रद्द झाला, कारण लांडगा माणसाळवलेला असावा असं परीक्षकांचं मत झालं.

घरट्यावरचे फोटो पाठवू नका. अनेक स्पर्धा ते घेतच नाहीत, आणि घेत असल्या तरी पाठवू नका. आपण जवळ गेलो की आई उठते, अंडी उन्हात उघडी पडतात, कावळ्याला जागा कळते. पिल्लासाठी चारा घेऊन आलेली आई फांदीवरच ताटकळत असलेला फोटो मी चाळणीत पाहिला आहे. फोटो सुंदर होता. चाळणीला बसलेल्या आम्ही तिघांनीही तो बाद केला. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणंही तसंच: विणीच्या दिवसांत तो पक्षी खाणंपिणं सोडून नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला हुसकत बसतो.

निवड करताना काढल्या दिवशी काहीच ठरवू नका. त्या दिवसाची थंडी आणि धावपळ तेव्हा फोटोला चिकटलेली असते. मी महिनाभर फाइल उघडत नाही. मग दहा फोटो मोबाइलवर बोटाच्या पेराएवढे करून घरातल्यांना दाखवतो आणि कुणाचं बोट कुठे थांबतं ते पाहतो. गेल्या वर्षी बायकोचं बोट मी वगळायला ठेवलेल्या हळदीकुंकू बदकावर थांबलं, धुक्यात पाठमोरं पोहत जाणाऱ्या. यंदा तेच पाठवलंय.