एकपात्री प्रयोगात पुस्तक धरताना

हौशी नाट्यसंस्थेत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला रंगमंचावर उभे राहायचे असते. संस्थेने एकपात्री नाटक हाती घेतले की तो हिरमुसतो, कारण भूमिका एकच असते आणि ती आधीच कुणाला तरी मिळालेली असते. सहा वर्षांपूर्वी बेळगावातील एका संस्थेत मी गेले, तेव्हा माझेही तेच झाले. दिग्दर्शकांनी माझ्या हाती संहितेची प्रत दिली आणि विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या बाजूला पडद्याआड, बसून प्रॉम्प्टिंग करायला, म्हणजे नट विसरला की पुढचे शब्द हळूच सांगायला, सांगितले, याचा मला मनातून रागच आला होता. आता कोणी विचारले तर मी सांगते की, एकपात्री शिकायचे असेल तर पहिले नाटक पुस्तक धरून, म्हणजे असे प्रॉम्प्टिंग करून, काढावे. नटाच्या डोक्यात नाटक कसे बसते आणि कसे निसटते, हे त्या खुर्चीवरून दिसते तसे दुसरीकडून दिसत नाही.

आमची संहिता संस्थेतीलच एका सभासदाने लिहिलेली होती. बेळगाव–निपाणी गाडीवरचा एक वाहक निवृत्तीच्या आदल्या दिवशी शेवटची फेरी करतो, एवढेच कथानक. काकती, हत्तरगी, संकेश्वर असे थांबे येतात, प्रवासी चढतात आणि उतरतात, आणि वाहकासह त्या अकरा जणांना एकच नट उभे करतो. नेपथ्याला एक बाक, एक लोखंडी ट्रंक आणि डोक्यावरून आडवी गेलेली घंटेची दोरी पुरली. संहिता घरचीच असल्याने परवानगीचा प्रश्न आला नाही. बाहेरचे नाटक घेणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावे की, 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क टिकतो. हौशी संस्थेने पैसे न घेता केलेल्या प्रयोगाला त्या कायद्यात सवलत आहे, पण तिकीट लावायचे असेल तर लेखकाची किंवा त्याच्या वारसांची लेखी परवानगी घ्यावीच लागते. सवलत असली तरीही एक पत्र टाकावे, असे माझे मत आहे. मानधन न मिळाल्यापेक्षा न कळवल्याचे दुःख लेखकांना अधिक होते.

एकाच माणसाने अनेकांच्या तोंडचे बोलणे आपल्याकडच्या प्रेक्षकाला नवे नाही. गावातल्या देवळात उत्तररंगाला, म्हणजे कीर्तनाच्या दुसऱ्या भागात, आख्यान लावून कीर्तनकार राजाही होतो आणि राणीही होतो, आणि कोणाचाही गोंधळ उडत नाही. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत सीतास्वयंवर केले, ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांवरून सुचलेले होते, आणि त्या नाटकांत पात्रांची पदे सूत्रधारच म्हणत असे. तेव्हा प्रेक्षकांना समजेल की नाही, ही भीती बाळगू नये. नवखा नट मात्र भलत्याच ठिकाणी घसरतो. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्रीत लक्ष्मण देशपांडे 52 व्यक्तिरेखा उभ्या करीत, हे त्याने ऐकलेले असते, आणि मग तो प्रत्येक पात्राला वेगळा आवाज लावत सुटतो. विसाव्या मिनिटाला घसा बसतो आणि नाटकाची नकलांची मैफल होते.

आमच्या नटाला आवाजांची चैन परवडणारीच नव्हती. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. ते उद्यमबागेत एका फाउंड्रीत मोल्डरचे, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे साचे करण्याचे, काम करतात, आणि संध्याकाळी साडेसातला तालमीला येत तेव्हा घशात दिवसभराची वाळू असे. त्यामुळे दिग्दर्शकांनी आवाज बाजूला ठेवून सगळा भर नजरेवर दिला. यमकनमर्डीची म्हातारी बाकावर बसलेली आणि वाहक उभा, म्हणून वाहक बोलताना नजर डावीकडे खाली, तिसऱ्या रांगेतल्या एका खुर्चीच्या पाठीवर टेकत असे. म्हातारी उत्तर देताना नजर उजवीकडे वर, बाल्कनीच्या कठड्यावर जात असे. या दोन नजरा एकमेकींना छेदल्या पाहिजेत. दोन्ही एकाच बाजूला गेल्या, तर म्हातारी तिसऱ्याच कोणाशी बोलते आहे असे प्रेक्षकाला वाटते, आणि का वाटते ते त्याला सांगता येत नाही. तालमीत आम्ही शाळेच्या भिंतीवर कागदाचे चौकोन चिकटवून ही ठिकाणे पक्की केली. अडचण पुढे आली, कारण खेड्यातल्या सभागृहाला बाल्कनी नसते. त्यामुळे प्रत्येक नव्या ठिकाणी प्रयोगाच्या तासभर आधी नटाला रंगमंचावर उभे करून अकराही नजरांना नवी घरे शोधून द्यावी लागतात, आणि हे काम मेकअपला बसण्याआधी उरकावे.

भाषेचा अनुभवही सांगण्यासारखा आहे. पहिल्या मसुद्यात वाहक अगदी पुस्तकी मराठी बोलत होता, आणि अण्णांची जीभ प्रत्येक वाक्याला ठेचकाळत होती. आम्ही पाठांतर कच्चे म्हणून त्यांच्या मागे लागलो होतो. एका तालमीत वैतागून त्यांनी “कृपया पुढे सरकून घ्यावे” हे वाक्य टाकून “पुढं सरका की ओ, मागं जागा करा” असे म्हटले, आणि पुढची दोन पाने न अडखळता म्हणून दाखवली. लेखक समोरच बसले होते; त्यांनी त्याच रात्री वाहकाचे सगळे संवाद बेळगावी बोलीत उतरवले. म्हातारीला आधी पूर्ण कन्नड वाक्ये दिली होती, तीही कमी करून फक्त “साकु” (पुरे) आणि “हौदु” (हो) एवढे दोनच शब्द ठेवले. कन्नड न येणाऱ्यालाही तेवढ्यावरून ती बाई कळते.

आता पुस्तक धरण्याविषयी. प्रॉम्प्टरला नटाचा पॉज, म्हणजे मुद्दाम घेतलेला विराम, आणि नटाचे विसरणे यांतला फरक कळला पाहिजे, आणि तो शब्दांवरून नव्हे, तर अंगावरून कळतो. पहिल्या आठवड्यात मी अण्णांच्या प्रत्येक शांततेत शब्द सोडत होते. शेवटी ते थांबून म्हणाले, “बाई, पुस्तक मिटा थोडा वेळ. माझं तोंड बघा.” बघू लागले तेव्हा लक्षात आले की, पॉज घेताना त्यांचा श्वास आत जाऊन थांबतो, विसरले की मात्र श्वास बाहेर पडतो आणि उजवा हात चामड्याच्या पैशाच्या पिशवीच्या पट्ट्याकडे जातो. मी संहितेच्या समासात पॉजच्या जागी पेन्सिलने लहान वर्तुळे काढली, आणि वर्तुळाच्या जागी कितीही शांतता झाली तरी तोंड उघडायचे नाही असे ठरवले. शब्द द्यायचाच झाला तर वाक्याचे पहिले दोन शब्द द्यावेत, सबंध वाक्य देऊ नये. सबंध वाक्य ऐकण्यात नटाची तंद्री मोडते. इतर नाटकात सहकलाकार सावरून घेतो, एखादे वाक्य पदरचे टाकतो. येथे सावरायला फक्त विंग असते.

खानापूर तालुक्यातील एका गावी झालेल्या प्रयोगात याची खरी परीक्षा झाली. हत्तरगीचा आणि संकेश्वरचा, असे दोन्ही प्रवेश “चला, राईट!” या शब्दांवर आणि घंटेच्या दोन ठोक्यांवर संपत होते. अण्णांनी हत्तरगीला दोरी ओढली आणि सरळ संकेश्वरच्या पुढचा प्रवेश सुरू केला. अकराव्या पानावरून तेविसाव्या पानावर उडी पडली होती, आणि अण्णांना त्याचा पत्ताही नव्हता. ते उत्तम रंगात होते. मागे ओढावे तर प्रेक्षकांदेखत नाटक फुटले असते. मी पाने उलटली आणि प्रकाशवाल्याला टॉर्चने खूण केली, आणि त्याने तेविसाव्या पानाचा प्रकाश लावला. पण संकेश्वरला म्हातारी वाहकाला एक जुने नाणे देते, आणि शेवट त्या नाण्यावर होतो. निपाणीच्या अलीकडे सहा-सात सेकंदांचा काळोख होता, त्यात मी एवढेच कुजबुजले, “म्हातारीचं नाणं राहिलं.” प्रकाश आला तेव्हा अण्णा पिशवीत हात घालून उभे होते, आणि संकेश्वरला उतरलेल्या म्हातारीची आठवण वाहक स्वतःशी सांगू लागला. 90 मिनिटांचे नाटक 78 मिनिटांत संपले. प्रेक्षकांना काही कळले नाही. लेखकांना मात्र कळले, आणि त्यांना गाडीत दोन तास समजावावे लागले.

त्यानंतर आम्ही संकेश्वरच्या प्रवेशाचा शेवट बदलला. संहिता हाती आली की, दोनदा येणारी वाक्ये आणि सारखे शेवट शोधून त्यांतले एक बदलून घ्यावे, ही सूचना मी प्रत्येक नव्या मंडळाला करते. दुसरे असे की, तालीम नेहमी पहिल्या पानापासून सुरू करू नये. आमचे दिग्दर्शक आता कोणत्याही पानाचा आकडा पुकारतात आणि नटाने तेथून पुढे जायचे असते. पहिले पान शंभर वेळा आणि शेवटचे दहा वेळा घोटले गेले, असे मग होत नाही.

तांत्रिक बाबींत घाबरण्यासारखे थोडे आहे, पण वीज पाहूनच दिवे लावावेत. 1000 वॉटचा एक दिवा 230 व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आसपास वीज ओढतो, म्हणजे 15 अँपिअरच्या एका सॉकेटवर तीनच दिवे चालतात. चौथा लावला आणि त्याच लाइनवर पंखे असले की फ्यूज उडालाच म्हणून समजा. उघड्यावरच्या प्रयोगात रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, म्हणून नाटक सुरू करणारी तिसरी घंटा आठच्या आत द्यावी. आणि जून ते सप्टेंबर पत्र्याच्या सभागृहात एकपात्री ठरवूच नये. खानापूरकडचा पाऊस पत्र्यावर कोसळू लागला की, पहिल्या रांगेलाही फक्त ओठ हललेले दिसतात.

पुढचा प्रयोग निपाणीला आहे. पुस्तक या वेळी बारावीची एक विद्यार्थिनी धरणार आहे आणि मी प्रकाशावर बसणार आहे. पेन्सिलची वर्तुळे असलेली माझी प्रत मी तिला दिली होती. तिने ती परत केली आणि कोरी प्रत मागितली, कारण चार तालमी पाहून तिचे म्हणणे असे आहे की, अण्णांचे पॉज आता बदलले आहेत.