शाळा भरायच्या आत: संगीताच्या सर-बाईंसाठी तयारीची यादी

पलीकडे कोल्हापूर-सांगलीच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. आपण कर्नाटकात, त्यामुळे मे सरतासरताच दारात तोरण लागतं, प्रारंभोत्सवाचा फलक येतो आणि सकाळी सकाळी कुणीतरी संगीताच्या माणसाला गाठून म्हणतं, "सर, एक स्वागतगीत बसवून द्या की, पाहुणे दहाला येणार हायत." तिथून जे सुरू होतं ते गॅदरिंगपर्यंत थांबत नाही. आज जयंती, उद्या कुणाचा निरोप समारंभ, परवा स्पर्धा. यात वर्गातला रोजचा तास कधी गायब झाला हे फेब्रुवारीत कळतं. म्हणून ही यादी स्टेजची नाही. कुठलाच कार्यक्रम नसलेल्या एखाद्या मंगळवारी, चौथ्या तासाला, पन्नास पोरं समोर बसलेली असताना काय लागेल, तेवढ्याचीच आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी कुठंही जा, आपल्या बऱ्याच मराठी शाळांत संगीत हे ज्याला बरा गळा आहे त्याच्या गळ्यात पडलेलं असतं. मराठीच्या बाई, पीटीचे सर, कुणीही. त्यांनीही ही यादी आपलीच समजावी. गाण्याची परीक्षा दिलेली नाही म्हणून बिचकू नये.

सगळ्यात आधी पट्टी, म्हणजे गाण्याचा 'सा' कुठल्या सुरावर धरायचा ते. पेटी दुरुस्त नसली तरी एक वेळ चालेल, पण पट्टी चुकली तर वर्षभर वर्ग बेसूर राहतो आणि दोष पोरांच्या कानाला लागतो. पहिली ते चौथीची मुलं पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून वरच्या पांढरी एकपर्यंत आरामात गातात. त्याच्या खाली उतरवलं की पुटपुटतात, वर चढवलं की ओरडतात. पाचवी-सहावीपासून आवाज दोन्हीकडे थोडा पसरतो. म्हणजे 'माझी पट्टी काळी एक, म्हणून गाणं काळी एकमध्ये' हा हिशेब इथं लागू नाही. सुट्टीतच प्रत्येक गाण्याचा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर पेटीवर शोधा आणि ते दोन्ही मुलांच्या टापूत बसतील असा षड्ज (सा) धरा. गाण्याच्या कागदावर कोपऱ्यात ती पट्टी लिहून ठेवा. पुरुष शिक्षकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायची. आपण एक सप्तक खाली गात असतो. मोठ्या मुलांना त्याचं काही वाटत नाही, पण पहिली-दुसरीतली काही पोरं आपल्या जाड आवाजाची बरोबरी करायला जातात आणि घशातून गुरगुरतात. अशा वर्गात ओळ पेटीवर मधल्या सप्तकात वाजवा, नाहीतर सातवीतल्या एखाद्या मुलीला बोलवा आणि तिच्याकडून ओळ सांगवा. तिच्या मागून तीच पोरं सुरात येतात, आपण थक्क होतो.

आठवी-नववीच्या मुलांचं वेगळं. आवाज फुटायला लागला की पोरगा तोंड मिटतो, मागच्या बाकावर जातो आणि दोन वर्षांनी 'मला गाणं येत नाही' असं कायमचं ठरवून टाकतो. त्याला गप्प बसवू नका आणि वरच्या सुरासाठी ताणूही नका. चार-पाच सुरांत फिरणारी एखादी ओळ, नाहीतर ठेका, नाहीतर टाळ, असं काहीतरी त्याच्या नावावर जूनपासूनच लिहून ठेवा.

प्रार्थनेच्या वेळची दोन गीतं कुणी 'शिकवायची' यादीत धरत नाही, ती आपोआप येतात असं समजतात. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं. त्याच्या शेवटी येणाऱ्या 'जय हे'मधलं पहिलंच वरच्या षड्जाला भिडतं. सुरुवात कुणीतरी उत्साहानं उंच केली की तिथं पोचेपर्यंत निम्मी शाळा किंचाळत असते आणि उरलेली निम्मी गप्प होते. पहिला सूर कोण देणार, कशावरून देणार, हे ठरवा. पेटी मैदानात न्यायची नसेल तर खिशात एक साधी पिच पाइप (सूर देणारी छोटी शिट्टी) किंवा मोबाईलवरचा तानपुरा पुरतो. नाडगीताचं तर चक्क वेळापत्रकच आहे. कन्नड कवी कुवेंपूंच्या या कवितेला २००४ साली राज्यगीताचा मान मिळाला आणि २०२२ मध्ये सरकारनं चाल पक्की केली: मैसूर अनंतस्वामींची, २ मिनिटं ३० सेकंदांत बसणारी. शाळेत जुनी, लांबलेली म्हणायची सवय असेल तर घड्याळ लावून एकदा म्हणून बघा. मराठी माध्यमाच्या मुलांची अडचण सुरांपेक्षा उच्चारात असते. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही आहेत, दीर्घही. आपली पोरं सगळेच लांबवतात आणि मग शब्द तालातून निसटतात. कन्नडच्या बाईंना विनंती करून पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडून ओळ न् ओळ नुसती वाचून घ्या, चाल नंतर. बाईही खूश होतात, त्यांच्याकडं संगीताचं कुणी कधी काही मागितलेलं नसतं.

आता कपाट उघडा. मार्चमध्ये ज्या घाईनं सगळं कोंबलं होतं त्याच स्थितीत ते असणार. पेटी बाहेर काढा, झाकण उघडा, आतली धूळ मऊ ब्रशनं झाडा. भाता भरून हात सोडा; एकही पट्टी न दाबता तो चटकन खाली बसला तर हवा गळतेय. पट्टी दाबून सोडल्यावर सूर चालूच राहिला तर बहुधा खाली कचरा अडकलाय, नाहीतर दमट हवेनं लाकूड फुगलंय. एवढं आपण बघू शकतो. पण सूर उतरलाय म्हणून ब्लेड घेऊन आतली सुराची पत्ती घासायला बसू नका, ते पेटीवाल्याचं काम. आणि ते काम मेमध्येच करून घ्या. श्रावण लागला की गणपतीच्या आरत्या-भजनांसाठी गावोगावच्या पेट्या-तबले दुरुस्तीला येतात, मग शाळेच्या पेटीला कोण विचारतो? कुणाकडं खरा तानपुरा असेल तर त्याचं नशीब थोर. मिरज आपल्याला रेल्वेनं जवळ आहे आणि तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण शाळेच्या रोजच्या तासाला मोबाईलमधला तानपुरा आणि एक छोटा स्पीकर भागवतो. स्पीकर आदल्या रात्री चार्ज करा, खानापूर भागात पावसात वीज कधी जाईल याचा नेम नाही.

तबल्याला पाऊस सोसत नाही. कातडं सैल पडतं, दायाँ (उजव्या हाताचा तबला) उतरतो आणि आपण रोज सकाळी गजऱ्यावर, म्हणजे कडेच्या वेणीवर, हातोडी मारत बसतो. गठ्ठे (लाकडी ठोकळे) जागेवर आहेत का, वादी (कातड्याची दोरी) कुठं झिजून तुटायला आलीय का, शाईला (मधल्या काळ्या गोलाला) भेग आहे का, हे आताच बघा. भिजल्यासारखा झालेला तबला चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवायचा मोह आवरा, पुडी (वरचं कातडं) तडकते. जाड कापडाची पिशवी, चुंबळ आणि जमिनीपासून हातभर वर फळी, एवढ्यावर पावसाळा निघतो. पखवाज असेल तर त्याच्या डाव्या पुडीला लावलेली कणीक तास संपल्यावर खरवडून काढायची जबाबदारी एका पोराला नावानिशी द्या. कणीक तशीच राहिली की रात्री उंदीर येतो, आणि उंदराला कणकेनंतर कातडंही चालतं. कणीक भिजवताना ती फार सैल नको, पेढ्याएवढी घट्ट हवी. मधोमध लावून वाजवून बघायची, आवाज चढा वाटला तर चिमूटभर वाढवायची, बसका वाटला तर काढायची. हे दहा मिनिटांचं काम वर्गासमोर केलंत तर सुराचा एक आख्खा धडा होतो, आणि पोरं डोळे मोठे करून बघतात.

आणि हे काम करणारं पोरगं वर्गातच असतं बरं का. ही यादीतली माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट. पहिल्या आठवड्यात एक वही घ्या आणि प्रत्येक मुलाला फक्त इतकं विचारा: घरात, गल्लीत, देवळात काय वाजतं? कुणाचे आजोबा भजनी मंडळात टाळ धरतात, कुणाचा काका गणपतीत झांजपथकात असतो, कुणाची आई लग्नात कन्नड सोबान पदं म्हणते. आषाढीला पायी जाणाऱ्या घरातल्या पोराला भजनी ठेका कुणी न शिकवता येतो. तुम्ही फळ्यावर केरव्याच्या आठ मात्रा लिहून टाळ्या मोजायला लावता तेव्हा हाच पोरगा चुकतो, आणि हातात टाळ दिला की तेच आठ बिनचूक वाजवतो. मग सुरुवात टाळापासून करा, फळा नंतर. घरी चौंडकं (यल्लम्माच्या जोगत्यांचं वाद्य) वाजतं हे सांगायला एखादं पोर लाजलं तर त्याला सगळ्यांसमोर खोदून विचारू नका. पण वहीत नोंद ठेवा आणि कधीतरी त्याच्याकडून तो ताल शिकून घ्या. शिक्षकानं शिकून घेतला म्हटल्यावर लाज जाते.

गाण्यांची यादी लहान ठेवा. वर्षाला दहा-बारा गाणी प्रत्येक वर्गाला पुरे, पण ती सुरात, पाठ आणि अर्थासकट. त्यात एखादा अभंग असावा, एखादं बसवण्णांचं किंवा अक्कमहादेवींचं वचन असावं, एक पुरंदरदासांचं पद, एक हिंदी समूहगीत, बाकी पोरांच्या वयाला शोभतील अशी पावसाची, खेळाची, शेताची गाणी. मराठी शाळेत कन्नड पद कशाला, असं कुणी विचारलं तर वाद घालत बसू नका. आपल्या मातीत हे असंच चाललंय. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. कुमार गंधर्व १९२४ मध्ये सुळेभावीत जन्मले, घरची भाषा कन्नड, आणि मराठी माणूस त्यांना आपलाच मानतो. धारवाडचे गवई मल्लिकार्जुन मन्सूर यांचं हिंदुस्थानी गाण्याचं सुरुवातीचं शिक्षण मिरजेच्या नीळकंठबुवांकडं झालं. बेळगावात रामभाऊ विजापुरेंनी हयातभर पेटी शिकवली, आणि शिकायला येणाऱ्यात दोन्ही भाषांची पोरं होती. ही नावं वर्गात सांगा, पण भाषणासारखी नको. सुळेभावी कुठंय हे बेळगावच्या पोरांना ठाऊक असतं. तिथं एक मोठा गवई जन्मला हे बहुतेकांच्या गावी नसतं.

वेळापत्रकाचं थोडक्यात. ते भिंतीवर चिकटायच्या आधी मुख्याध्यापकांना भेटा, नंतर भेटून उपयोग नाही. शनिवारचा शेवटचा तास गळ्यात घेऊ नका. चाळीस मिनिटांचा एक तास मिळण्यापेक्षा वीस-वीस मिनिटं दोनदा मिळाली तर लहान वर्गांना ती जास्त लाभतात.

प्रतिभा कारंजीचं, म्हणजे कर्नाटकातल्या शाळांच्या कलास्पर्धेचं, परिपत्रक नेहमीसारखं घाईत येईल. क्लस्टर, तालुका, जिल्हा, राज्य अशा पायऱ्या, त्यात भावगीत, भक्तिगीत, जानपद गीत (लोकगीत), कव्वाली. नावं चार दिवसांत द्या म्हणतील. म्हणून कोण काय गाऊ शकेल याचा अंदाज वरच्या वहीतच शेजारच्या रकान्यात पेन्सिलीनं करून ठेवा. एकाच गोड गळ्याच्या मुलीला सगळ्याच प्रकारांत उभं करायची आपल्याला खोड आहे. ती जिंकतेही, पण बाकीचे एकोणपन्नास ऐकायलाच बसतात. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना कुणाला बसवायचं असेल तर एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर ही सत्रं लक्षात ठेवून मागे मोजा. हिवाळी सत्राच्या आधी आपल्याकडं दसऱ्याची मोठी सुट्टी येते, दिवाळीची नव्हे, आणि त्या सुट्टीत पोरं रियाज सोडतात. सुट्टीआधीच पालकांशी बोलून ठेवा.

स्वतःच्या गळ्याकडं बघा. मेभर एक अक्षर न गाता जूनमध्ये दिवसाला पाच तास गायला उभे राहिलो तर आठवड्यात आवाज बसतो. सुट्टीचे शेवटचे पंधरा दिवस सकाळी खर्जाचे सूर आणि साधे अलंकार, वीस मिनिटं, इतकंच. वर्गात ओरडून शांतता आणू नका. टाळांची एक जोडी टेबलावर ठेवा, एक ठोका पडला की गप्प, अशी सवय पहिल्याच तासाला लावा. खडूच्या धुळीत गाऊ नका, फळा पुसायचं काम तास संपल्यावर.

स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणणारच, "तुमचं बरंय वो, गाणी म्हणायची आणि पगार घ्यायचा." हसून सोडा. पण शाळेत संगीताचा माणूस एकटा असतो, त्याचं दुखणं-खुपणं कळणारा दुसरा तिथं नसतो, हे खरं. म्हणून शेजारच्या शाळांतले तिघं-चौघं गाठा. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी बसा, एकमेकांची नवीन गाणी शिकून घ्या, स्वरलिपीचे कागद बदला, चहा प्या. निपाणीच्या बाईंकडं जे गाणं आहे ते खानापूरच्या सरांना माहीत नसतं, आणि उलटही.

शेवटचं काम पहिल्या मीटिंगचं. गाण्यांची यादी, वर्गवार, एका पानावर लिहा आणि मुख्याध्यापकांची सही घ्या. एक प्रत ऑफिसात, एक एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) अध्यक्षांना, एक कपाटाच्या दाराला आतून. मग दहाच्या पाहुण्यांसाठी नऊला कुणी धावत आलं, की नवं काही बसवायचं नाही, पान पुढं करायचं आणि म्हणायचं, "यातलं कुठलं पाहिजे ते सांगा, पाचवीची पोरं आत्ता म्हणतील."