काउंटरवर बसणाऱ्या नव्या मित्रांसाठी

सांगलीत एका ब्रोकरच्या ऑफिसात गुंतवणूकदारांच्या शंकांना उत्तरं द्यायला बसलो, तेव्हा एनआयएसएमची, म्हणजे शेअर बाजारात काम करणाऱ्यांसाठी असलेली परीक्षा नुकतीच पास झालो होतो. व्याख्या तोंडपाठ होत्या. पहिल्याच आठवड्यात एक निवृत्त शिक्षक आले. "सरकारी बाँड घेतलाय, व्याज ठरलेलं आहे. मग खात्यात किंमत कमी का दिसते हो? सरकार पैसे बुडवणार का?" मी यील्ड, ड्युरेशन असं बरंच बोललो. सर "बरं" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी तोटा सोसून बाँड विकून गेले. ती रुखरुख अजून आहे.

आता मी कोरा कागद घेतो. तुमचा १०० रुपयांचा १० वर्षांचा बाँड वर्षाला ७ रुपये देतो. उद्या सरकारनं तसाच बाँड ८ रुपये व्याजानं काढला, तर तुमचा १०० ला कोण घेईल? साधारण ९३ ला मागतील. पण तुम्ही मुदतीपर्यंत थांबलात तर दरवर्षी ७ आणि शेवटी पूर्ण १०० मिळणारच. एवढं झालं की विचारायचं, "हे पैसे तुम्हाला कधी लागणार आहेत?" सरांना मी हेच विचारलं नव्हतं.

कंपनीचा बाँड ११ टक्के देतो म्हणून एफडी मोडून आलेल्या माणसाला मात्र आधी थांबवा. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, बाँडला नाही. रेटिंग (कंपनी पैसे फेडेल याची खात्री किती, याचा शेरा) आणि तारण दोन्ही त्याच्यासमोर बसून वाचा.

"शेअर रात्रीत निम्मा झाला!" असा घाबरलेला फोन आला, तर आधी बोनस (फुकट मिळणारे जादा शेअर) किंवा स्प्लिट (एका शेअरचे अनेक लहान शेअर) आहे का ते बघा. ८०० रुपयांचे १०० शेअर एकास एक बोनसनंतर ४०० चे २०० होतात. नवे शेअर जमा व्हायला जरा वेळ लागतो आणि तेवढ्यात लोकांची झोप उडते.

"कुठला घेऊ?" याचं उत्तर देऊ नका, कितीही ओळखीचा माणूस असला तरी. सल्ल्यासाठी सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेची नोंदणी लागते.

मला सर्वांत जवळचं वाटतं ते जुन्या शेअर सर्टिफिकेटांचं काम. वडील गेल्यावर ट्रंकेत कागद सापडतात. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, पण वारसांच्या नावावर होऊ शकतात. सलग ७ वर्षं लाभांश कुणी घेतला नसेल, तर शेअर आयईपीएफकडे, म्हणजे दावा न केलेले शेअर आणि लाभांश सांभाळणाऱ्या सरकारी निधीकडे गेलेले असतात. तेही बुडालेले नसतात, अर्ज करून परत मिळतात. वेळ खूप लागतो, सह्या जुळत नाहीत, नावातलं एखादं अक्षर वेगळं निघतं. म्हणून पहिल्याच दिवशी फोलिओ नंबर (सर्टिफिकेटवरचा खाते क्रमांक), मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं लिहून घ्या, आणि त्या माणसाला चहा सांगा.